‘डिमीन’ला मराठीत काय म्हणायचं?

इंग्रजीतल्या ‘डिमीन’ या क्रियापदाला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न वरवर सोपा आहे. ‘अपमान करणे’ असं उत्तर कुणीही चटकन देईल, आणि भाषांतरांतही बहुतेक वेळा तेच दिसतं. माझं म्हणणं असं की दहातल्या सात-आठ वाक्यांत ते चुकतं. आधी मात्र शब्दकोशातला एक घोळ निस्तरू.

जरा मोठा शब्दकोश उघडला की ‘डिमीन’समोर दोन अर्थ सापडतात. एक ‘मान कमी करणे, हलकं करणे’ आणि दुसरा नुसताच ‘वागणे’. वाचणाऱ्याला वाटतं, दुसऱ्याच शब्दाचा अर्थ इथे छापला गेला. तसं झालेलं नाही. ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, वेगळ्या मुळांची. लिहायला-बोलायला एकसारखी, एवढंच.

‘वागणे’वालं क्रियापद थोरलं. ते जुन्या फ्रेंचमधून आलं. तिथे त्याचा अर्थ नेणे, चालवणे, आणि त्याच्या मागे लॅटिनमधलं जनावरं हाकण्याचं क्रियापद आहे. हाकायचं ते धाक दाखवून, म्हणून त्याच कुळात धमकी या अर्थाचा ‘मेनेस’ आहे. गुरं हाकता हाकता अर्थ ‘स्वतःला हाकणे’ म्हणजे ‘वागणे’ इथवर आला. या अर्थाचं क्रियापद आज जवळजवळ मेलंय, पण त्याची मुलं धडधाकट आहेत. माणसाची वागण्या-बोलण्याची ढब म्हणजे ‘डिमीनर’, आणि गैरवर्तन म्हणजे ‘मिसडिमीनर’. अमेरिकेच्या १७८७ सालच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षावरच्या महाभियोगाची कारणं सांगताना ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ म्हटलंय, तो हाच शब्द. त्यात मान कमी होण्याचा काही संबंध नाही. ‘डिमीनिंग’ आणि ‘डिमीनर’ ही सख्खी भावंडं समजून कुणी ‘डिमीनर’चा अर्थ मानहानीशी नेऊन भिडवत असेल, तर तिथे थांबवायला हवं.

धाकटं क्रियापद सोळाशे सालाच्या आसपास घडलं. ‘डिबेस’, म्हणजे दर्जा खाली आणणे, हा शब्द आधीपासून होता. त्याच साच्यात ‘मीन’ हे विशेषण बसवलं आणि पुढे ‘डि’ लावला. हा ‘मीन’ म्हणजे सरासरी नव्हे आणि अर्थ सांगणाराही नव्हे. इंग्रजीत तीन ‘मीन’ आहेत, तिघांचीही मुळं निराळी. यातल्या ‘मीन’चा मूळ अर्थ ‘सामाईक, सगळ्यांचं’. त्याचं नातं ‘कॉमन’शी. आता जे सगळ्यांचं ते सामान्य, सामान्य ते कमी प्रतीचं, कमी प्रतीचं ते नीच, अशी त्याची घसरगुंडी झाली. पुढे तर कंजूष आणि दुष्ट असेही अर्थ त्याला चिकटले. म्हणजे दुसऱ्याला खाली आणणाऱ्या या क्रियापदाच्या पोटात जो शब्द आहे, तोच आधी खाली आणला गेलेला आहे. तेही ज्यांना ‘सगळ्यांसारखं’ असणं नकोसं होतं त्यांच्या हातून.

ही दोन क्रियापदं एकमेकांत कशी मिसळली असतील, ते शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मधल्या एका ओळीत दिसतं. नाटक १५९०च्या दशकातलं. चौथ्या अंकात एक बाई अँटिफोलसबद्दल म्हणते की तो नक्की वेडा झाला असणार, एरवी तो ‘सो डिमीन हिमसेल्फ’ असं करताच ना. याचा अर्थ ‘असा वागता ना’ की ‘स्वतःला इतकं खाली आणता ना’? काळ पाहता पहिलाच अर्थ घ्यायला हवा. पण आजच्या कानाला दुसरा आधी ऐकू येतो आणि तोही चपखल बसतो. कारण ‘असा’ वागला म्हणजे वाईटच वागला. अशा वाक्यांत वागणं आणि घसरणं यांत सुईच्या टोकाएवढंच अंतर उरतं. एकोणिसाव्या शतकातले भाषेचे काही पहारेकरी या दुसऱ्या अर्थावर नाराज होते. त्यांच्या मते तो ‘मीन’शी झालेल्या गोंधळातून उपटलेला होता. त्यांचं कुणी ऐकलं नाही. आज तोच अर्थ जिवंत आहे.

आता मुद्द्याकडे.

अपमान ही घटना असते. तो कुणीतरी कुणाचातरी करतो, एका ठरावीक वेळी. बहुधा शब्दांनी, आणि ज्याचा होतो त्याला तो लागतो. समोरच्याला लागलाच नाही, तर अपमान झाला की नाही यावर वाद घालता येतो. ‘डिमीन’ला यातलं काहीच अत्यावश्यक नाही. तिथे प्रश्न पातळीचा आहे. माणूस, पद, काम, नातं यांची जी पायरी आपण मनात धरलेली असते, तिच्यावरून ते खाली येतं. ते दुसरा कुणी आणतो, परिस्थिती आणते, किंवा माणूस आपलं आपण येतो. ज्याला खाली आणलं त्याला पत्ताही नसेल, तरी वाक्य अडत नाही.

आणि आपलं आपण खाली येणं हा या क्रियापदाचा आडवळणाचा वापर नाही, तो त्याचा राजमार्ग आहे. ‘डिमीन वनसेल्फ’ ही रचना इंग्रजीत इतकी रुळलेली आहे की कितीतरी वर्षं हे क्रियापद जास्त करून त्याच वेषात हिंडत होतं. मराठीत ‘स्वतःचा अपमान करणे’ असं लिहून पाहा. व्याकरण ठीक, पण असं कुणी बोलतं का? आपण अपमान ‘करून घेतो’, म्हणजे ओढवून घेतो. करणारा तिथेही दुसराच असतो. नेमका इथे ‘अपमान’ हा प्रतिशब्द गळून पडतो.

मग काय घ्यायचं? आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ नाही, उलट गर्दी आहे. मान खाली आणण्याच्या बाबतीत मराठी फारच तयार भाषा आहे, याचा अभिमान बाळगावा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

‘पाणउतारा’ मला फार आवडतो. यातलं पाणी म्हणजे तेज, झळाळी. मोत्याचं पाणी, तलवारीचं पाणी म्हणतो ते. ते उतरवायचं. ‘उतारा’मुळे खाली येण्याची कल्पनाही शब्दातच आली. पण पाणउताऱ्याला चार माणसं लागतात आणि खणखणीत बोलणं लागतं. बंद खोलीत, कुणी काही न बोलता पाणउतारा होत नाही. ‘डिमीन’ मात्र तिथेही होतं. एखाद्याला रोज तासभर दाराबाहेर नुसतं उभं ठेवायचं. ना शिवी, ना ओरडा. इंग्रजीत याला ‘डिमीनिंग’ म्हणतील. मराठीत याला पाणउतारा म्हणणार नाही.

‘हीन लेखणे’, ‘तुच्छ लेखणे’ हे जवळचे वाटतात, पण लेखणं मनात चालतं. मी तुम्हाला मनातल्या मनात वर्षानुवर्षं तुच्छ लेखू शकतो आणि वरकरणी अदबीने वागू शकतो. ‘डिमीन’ला कृती हवी किंवा परिणाम हवा. तरीही गटांबद्दल बोलताना ‘हीन लेखणे’ चांगलं बसतं. एखादी जाहिरात ‘डिमीनिंग टू विमेन’ आहे असं म्हटलं, तर ‘स्त्रियांना हीन लेखणारी जाहिरात’ हे भाषांतर मी डोळे मिटून घेईन. तिथे कुणा एकीचा अपमान झालेला नाही, आणि कृती म्हणजे ती जाहिरातच.

‘हिणवणे’ तर आणखी पुढची पायरी, ती जिभेची. कुणी काळ्या रंगावरून हिणवतं, कुणी गरिबीवरून. टोचून बोलल्याशिवाय हिणवणं होत नाही. ‘डिमीनिंग रिमार्क्स’ला ‘हिणवणारे शेरे’ म्हणायला हरकत नाही, त्यापलीकडे तो शब्द ताणू नये.

‘अवमान’ची गोष्ट जरा हळहळ वाटावी अशी आहे. ‘अप’ म्हणजे दूर, वाईट. ‘अव’ म्हणजे खाली. अवतरण, अवरोहण, अवमूल्यन यांतला ‘अव’ तोच. बांधणी पाहिली तर ‘डिमीन’ला याच्याइतका जुळणारा शब्द नाही. पण वापराने त्याला न्यायालयाच्या आवारात नेऊन बसवलं. न्यायालयाचा अवमान, राष्ट्रध्वजाचा अवमान, सभागृहाचा अवमान. साध्या माणसाचा अवमान झाला असं लिहिलं तर ते एकतर जुनं वाटतं, नाहीतर नोटिशीतलं. व्युत्पत्ती कितीही अनुकूल असली तरी शब्द शेवटी राहतो कुठे, त्यावर त्याचा वास ठरतो.

‘हलकं करणे’ कोशांमध्ये हमखास असतं आणि हमखास फसवतं. ‘तिच्याशी बोलून मला हलकं वाटलं’ यात कुणाचीही मानहानी नाही. ‘त्याने मला हलकं केलं’ म्हटलं तर ऐकणारा आधी खिसा तपासेल. ‘हलक्यात काढणे’ म्हणजे गांभीर्याने न घेणे. ‘हलक्या कानाचा’ आणखी वेगळा. विशेषण म्हणून ‘हलकं बोलणं’, ‘हलक्या मनाचा’ यांत मात्र जुनी धार आहे.

माझं मत ‘कमीपणा’ला. यात ‘कमी’ हीच मूळ कल्पना आहे, म्हणजे पातळीची. घटनेची नाही. शिवाय क्रियापद बदललं की कर्ता बदलतो, आणि ‘डिमीन’ची जवळजवळ सगळी रूपं त्यात मावतात. कमीपणा आणणे: दुसऱ्याने केलं. कमीपणा येणे: परिस्थितीने झालं. कमीपणा वाटणे: आतून जाणवलं. ‘शी फेल्ट डिमीन्ड’ याचं ‘तिला कमीपणा वाटला’ याहून सरळ मराठी मला सुचत नाही. ‘तिला अपमान झाल्यासारखं वाटलं’ हे लांबही आहे आणि बाजूलाही जातं.

फक्त या घराण्यातल्या एका सदस्यापासून सावध राहायला हवं: कमीपणा घेणे. थोरल्या भावाने कमीपणा घेतला म्हणून भांडण मिटलं, असं आपण म्हणतो तेव्हा त्याचं कौतुक करत असतो. त्याने स्वतःहून एक पायरी खाली येऊन घर सांभाळलं. याचं इंग्रजी करताना कुणी ‘ही डिमीन्ड हिमसेल्फ’ लिहिलं तर कौतुकाची निंदा झाली. इंग्रजीत स्वतःहून खाली येण्यात शहाणपण दाखवायचं तर ‘हंबल’ घ्यावं लागतं, ‘डिमीन’ नाही. ‘डिमीन’मध्ये जो खाली येतो तो उणाच होतो, त्यातून काही साधलं जात नाही.

आणि ‘पायरी’ आहेच. पायरी सोडून बोलणे, पायरीने राहणे, एखाद्याला त्याची पायरी दाखवणे. ‘आय वोन्ट डिमीन मायसेल्फ बाय आन्सरिंग दॅट’ हे वाक्य घ्या. ‘याला उत्तर देऊन मी माझा अपमान करून घेणार नाही’ हे शाळेतलं भाषांतर झालं. मराठी माणूस म्हणेल, ‘याला उत्तर द्यायला मी माझी पायरी सोडणार नाही’. किंवा अजून नेहमीचं, ‘असल्यांच्या मी तोंडी लागत नाही’. दुसऱ्या वाक्यात मान, पायरी, कमीपणा यांतलं एकही अक्षर नाही आणि तरी ‘डिमीन’चा पूर्ण भाव आला. तुमच्या वाक्यात जर राग असेल तर मी हेच घेईन.

शेजारचे शब्द वेगळे ठेवायला हवेत, कारण ते मराठीत येताना सगळे ‘अपमानित करणे’च्या एकाच पोत्यात भरले जातात.

‘डीग्रेड’मधला ‘ग्रेड’ म्हणजे लॅटिनमध्ये पायरीच. तो मुळात हुद्द्याचा शब्द आहे; धर्मगुरूचे किंवा सैनिकाचे अधिकार काढून घेण्याचा विधी. त्याचं सगळ्यांत ठसठशीत चित्र पॅरिसचं, ५ जानेवारी १८९५चं. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस याच्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप सिद्ध झाला असं धरलं गेलं होतं. सैनिकी विद्यालयाच्या पटांगणात, रांगेत उभ्या सैन्यासमोर एका अधिकाऱ्याने त्याच्या गणवेशावरची पदचिन्हं ओरबाडून काढली, बटणं तोडली, आणि त्याची तलवार मोडून टाकली. ड्रेफस मोठ्याने ‘मी निर्दोष आहे’ म्हणत राहिला. १९०६ साली तो निर्दोष ठरला आणि सैन्यात परत आला. इंग्रजीत नेमकं बोलायचं तर त्या दिवशी त्याला ‘डीग्रेड’ केलं गेलं. त्याने स्वतःला ‘डिमीन’ केलं नाही. झालंच असेल तर ते करणाऱ्यांचं झालं. हा फरक दोन्हीकडे ‘अपमान’ लिहिल्यावर उरत नाही.

कायद्यानेही ‘डीग्रेडिंग’च निवडलं. १९४८च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात, पाचव्या कलमात, छळ आणि क्रूर किंवा अमानुष वागणुकीबरोबर ‘डीग्रेडिंग’ वागणूक आणि शिक्षा यांनाही मनाई आहे. १९७८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयासमोर आइल ऑफ मॅन बेटावरच्या पंधरा वर्षांच्या मुलाला दिलेल्या छड्यांच्या शिक्षेचं प्रकरण होतं. न्यायालयाने ती शिक्षा छळ ठरवली नाही, अमानुषही ठरवली नाही. ‘डीग्रेडिंग’ मात्र ठरवली. म्हणजे तिथे या शब्दाला स्वतःची वेगळी, मोजून घेतलेली जागा आहे. मराठीत अशा ठिकाणी ‘मानहानीकारक’ लिहितात. चालतं, पण ‘मानहानी’वर अब्रुनुकसानीच्या दाव्याची सावली पडलेली असते. मी ‘माणुसकीला कमीपणा आणणारी वागणूक’ असं लिहीन, शब्द चार झाले तरी.

‘डिबेस’चं मराठी तर आपल्या हाताशी तयार आहे, फक्त सुचत नाही. ते नाण्यांचं आहे. १५४४पासून १५५१पर्यंत इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने आणि त्याच्या मुलाच्या राज्यकारभाराने चांदीच्या नाण्यांत तांबं मिसळण्याचा सपाटा लावला. नाण्यावर राजाचा चेहरा समोरून होता. नाक सगळ्यांत उंच, म्हणून तेच आधी झिजलं, आणि चांदीच्या मुलाम्याखालचं तांबं तिथे उघडं पडलं. लोकांनी राजाचं नाव ‘कॉपरनोज’, म्हणजे तांबडनाक्या, ठेवलं. आता मराठीत सोन्या-चांदीतली भेसळ म्हणजे ‘हीण’, आणि भेसळीची वस्तू ‘हिणकस’. अभिरुची ‘डिबेस’ झाली असेल तर ती हिणकस झाली. इतका नेमका शब्द असताना ‘अधःपतन’ कशाला?

‘ह्युमिलिएट’मध्ये जमीन आहे, मातीत लोळवणं आहे; तिथे ‘अपमानित करणे’ बिनदिक्कत वापरा, कारण तो खरंच घटनेचा आणि लागण्याचा शब्द आहे. ‘मॉर्टिफाय’मध्ये मरण आहे, आणि आपलं ‘मेल्याहून मेल्यासारखं झालं’ त्याला तंतोतंत लागू. ‘बिलिटल’ म्हणजे लहान करणे. तो चलनात आणण्याचं श्रेय थॉमस जेफर्सनला देतात. ‘कमी लेखणे’ हे त्याला पुरेसं आहे.

‘डिमीन’बाबत एक व्याकरणाची गंमत. या सगळ्या शेजाऱ्यांना भाववाचक नाम आहे. डीग्रेडेशन, डिबेसमेंट, ह्युमिलिएशन. ‘डिमीन’ला नेहमीच्या वापरातलं नाम नाही, कारण ‘डिमीनर’ची जागा थोरल्याने आधीच बळकावून ठेवली होती. म्हणून इंग्रजीत तो भाव क्रियापदातून नाहीतर ‘डिमीनिंग’ या विशेषणातून येतो. आपलं उलटं. आपल्याकडे ‘कमीपणा’ हे नाम पक्कं आहे आणि क्रियापद मात्र जोडून घ्यावं लागतं. भाषांतर करताना वाक्याची मोडणी बदलावी लागते ती यामुळे.

शेवटी ‘डिमीनिंग वर्क’, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथे होतात. ‘हलकं काम’, ‘कमी दर्जाचं काम’ असं सर्रास लिहिलं जातं. ते ‘मीनिअल’चं भाषांतर झालं. तो शब्द घरातल्या नोकरचाकरांशी निगडित, आणि ‘मीन’शी त्याचं रक्ताचं नातं नाही, कानाला जुळतो एवढंच. झाडू मारणं ‘मीनिअल’ म्हणतील, पण ते ‘डिमीनिंग’ असेलच असं नाही. रीतसर मजुरी, हातमोजे, नावाने हाक असेल तर नाही. उलट वातानुकूलित खोलीत बसून साहेबाच्या प्रत्येक विनोदावर हसावं लागणं नक्की ‘डिमीनिंग’ आहे, आणि त्याला कुणी हलकं काम म्हणत नाही. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद खानदानाच्या शिडीवर चालायचं. खालच्या घरात लग्न केलं की मुलीने स्वतःला ‘डिमीन’ केलं असं म्हणत. आता शिडी बदलली, मोजमाप माणूस म्हणून मिळणाऱ्या वागणुकीचं आहे. तेव्हा वाक्यात काम कोणतं यापेक्षा करायला कसं लावलं जातं ते पाहायचं. ‘लाचारीचं काम’ पुष्कळदा बसतं. ‘मान खाली घालायला लावणारं काम’ हेही बरं, मात्र त्यात अपराधी वाटण्याची छटा डोकावते. ‘हे काम करताना माणसाला कमीपणा येतो’ लिहिलं तर दोष कामाला लागतो. ‘हे काम करणाऱ्याला कमीपणा दिला जातो’ म्हटलं तर करवून घेणाऱ्याला. ‘डिमीनिंग वर्किंग कंडिशन्स’ असेल तर मी बेलाशक दुसरं घेईन.